अपडेट बंदच करून टाकू का? (सर्व्हर २०१६, टॅली आणि न दिसणारा प्रिंटर)

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. होलसेलचं दुकान, एकच सर्व्हर, त्यावर विंडोज सर्व्हर २०१६, तोच डोमेन कंट्रोलर (सगळ्यांचे लॉगिन आणि नियम सांभाळणारं मशीन), त्यावरच टॅलीचा डेटा आणि बिलिंगचा प्रिंटरही त्यालाच जोडून शेअर केलेला. खाली बारा पीसी, काही विंडोज १० काही ११. सर्व्हरचं महिन्याचं अपडेट इन्स्टॉल होतं, रीस्टार्टला तासभर गोल फिरतं आणि मग बदल मागे घेतोय असं सांगून परत जुन्यावरच येतं. दोन पीसीवर अपडेट झाल्यापासून प्रिंटर जोडला जात नाही, एररच्या शेवटी ११बी येतं. आणि अकाउंटंट म्हणतात की सगळीकडचं अपडेट कायमचं बंद करा, आधी सगळं व्यवस्थित चाललं होतं.

बंद करू नका. पण अकाउंटंटना उडवूनही लावू नका, कारण त्यांची तक्रार अपडेटबद्दल कमी आणि वेळेबद्दल जास्त आहे, आणि त्यात ते बरोबर आहेत. बघा, मायक्रोसॉफ्टचे सिक्युरिटी अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, २००३ पासून तसंच चालू आहे, आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा-साडेअकरा वाजलेले असतात, म्हणजे पीसींना ते मिळतं बुधवारी. दुसरा मंगळवार ८ ते १४ तारखेच्या मधेच कुठेतरी पडतो. आणि दर महिन्याला भरणाऱ्यांची जीएसटीआर-१ ची, म्हणजे विक्रीच्या रिटर्नची, तारीख ११. म्हणजे ज्या आठवड्यात माणूस बिलं जुळवत बसलाय नेमक्या त्याच आठवड्यात पीसी रीस्टार्ट मागायला लागतो. अमेरिकेतल्या कंपनीला आपली तारीख माहीत असायचं कारण नाही, ती आपणच सेट करायला हवी, त्याचं शेवटी सांगतो.

बंद का करायचं नाही तेही एकदा सांगून टाकतो. २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा खंडणी मागणारा व्हायरस विंडोजच्या ज्या भोकातून घुसला त्याचा पॅच, म्हणजे दुरुस्ती, १४ मार्चला आली होती आणि हल्ला झाला १२ मेला, मधे जवळजवळ दोन महिने होते. त्याच भोकाचा वापर करणारं दुसरं प्रकरण जूनमध्ये आलं तेव्हा आपल्या न्हावा शेव्याच्या बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं होतं. यापेक्षा जास्त घाबरवत नाही.

आता मूळ मुद्दा. अपडेट अडकलं असं सगळे म्हणतात, पण कुठे अडकलं ते फारच थोडे सांगतात. अपडेटचे चार टप्पे धरा. आधी मशीनला कळतं की अपडेट आलंय, मग डाउनलोड, मग विंडोज चालू असतानाचं इन्स्टॉल, आणि शेवटी रीस्टार्टनंतर ते पक्कं होणं. यूट्यूबवर जी सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्यूशन नावाचा, उतरवलेली अपडेट ठेवायचा फोल्डर उडवायची ट्रिक सापडते ती मुख्यतः पहिल्या दोन टप्प्यांसाठी आहे. तुमचं अडतंय चौथ्यावर. तिथे तो फोल्डर कितीही वेळा रिकामा करा, परत सगळं डाउनलोड होणार आणि परत तिथेच येऊन मागे फिरणार, वर अपडेटची हिस्टरी पुसली जाते ती वेगळीच, म्हणजे जुने एरर कोडही गेले.

टप्पा ओळखायचा सोपा मार्ग असा की मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉगच्या साइटवरून त्या महिन्याची फाइल हाताने उतरवायची आणि डबल क्लिक करून इन्स्टॉल करायची. लागली तर दुखणं नेटवर्क किंवा सेटिंगमध्ये आहे, विंडोज धडधाकट आहे. तशीही नाही लागली तर दुखणं विंडोजच्या आत आहे. आणि हो, महिन्याचं अपडेट मागचं सगळं पोटात घेऊन येतं, त्यामुळे राहिलेले सात-आठ महिने एकेक करून लावत बसू नका, शेवटचं एक पुरतं.

सर्व्हर २०१६ बद्दल एक वेगळी गोष्ट सांगायला हवी. हा अपडेटला मुळातच संथ आहे, त्याच्या अपडेटची फाइल जुन्या पद्धतीची आणि अवाढव्य असते, २०१९ पासून ती पद्धत बदलली. साध्या फिरत्या हार्डडिस्कवर असेल तर दोन-तीन तास लागणं नवल नाही. त्यामुळे अडकलंय की चाललंय हे आधी ठरवा. डिस्कचा लाइट लुकलुकतोय का बघा, व्हर्च्युअल मशीन असेल तर हायपर-व्हीमध्ये (विंडोजचा व्हर्च्युअल मशीन चालवायचा प्रोग्रॅम) त्याचा सीपीयू हलतोय का बघा. हलत असेल तर हात लावू नका. पॉवर बटण दाबून धरणं हा शेवटचा उपाय, आणि यूपीएसची बॅटरी उतरलेली असेल तर अपडेटच सुरू करू नका. पुण्याकडे गुरुवारी महावितरणचं देखभालीचं काम असतं, तिथले लोक बुधवारी रात्री सर्व्हरला अपडेट लावून घरी जातात आणि सकाळी ते अजून चालूच असताना लाइट जाते. असं अर्धवट तुटलेलं इन्स्टॉल निस्तरणं हे साध्या फेल झालेल्या अपडेटपेक्षा कितीतरी किचकट काम आहे.

तुमच्या सर्व्हरवर मी असतो तर काय केलं असतं ते क्रमाने सांगतो.

सगळ्यात आधी बॅकअप. विंडोज सर्व्हर बॅकअपने पूर्ण मशीनचा, बाहेरच्या यूएसबी डिस्कवर, आणि टॅलीचा डेटा फोल्डर वेगळा कॉपी करून, तोही सगळ्या पीसींवर टॅली बंद केल्यावर. हायपर-व्हीचा चेकपॉइंट, म्हणजे मशीनची त्या क्षणाची नोंद, घेतला म्हणजे बॅकअप झाला असं समजू नका, तो त्याच डिस्कवर बसलेला असतो.

मग कोरडा रीस्टार्ट. म्हणजे काहीही इन्स्टॉल न करता फक्त सर्व्हर बंद-चालू करायचा आणि सगळं तपासायचं. लोक ही पायरी गाळतात आणि माझ्या मते हीच सगळ्यात कामाची आहे. छोट्या ऑफिसमधले सर्व्हर महिनोन्महिने रीस्टार्ट होत नाहीत, त्या काळात कुणी सेटिंग बदललेलं असतं, एखादी सर्व्हिस मॅन्युअलवर ठेवलेली असते, डिस्क कुरकुरायला लागलेली असते, आणि हे सगळं उघड होतं ते रीस्टार्टच्या वेळी. रीस्टार्ट करायला लावतं अपडेट, त्यामुळे नाव त्याचं खराब होतं. कोरड्या रीस्टार्टला काही मोडलं तर अपडेटचा संबंध नाही, एवढं स्वच्छ कळतं.

यातलं नेहमीचं उदाहरण सांगतो. डोमेन कंट्रोलर वर येताना कधी कधी नेटवर्क ओळखणारी सर्व्हिस घाईने आधी उठते, डोमेन अजून उठलेलं नसतं, मग ती नेटवर्कला पब्लिक ठरवून मोकळी होते. पब्लिक म्हटलं की फायरवॉल कडक होते आणि पीसींवरून टॅलीचं लायसन्स सापडत नाही, शेअर उघडत नाही. लगेच बोंब होते की अपडेटने टॅली बंद पाडली. नेटवर्क लोकेशन अवेअरनेस ही सर्व्हिस एकदा रीस्टार्ट केली, नाहीतर नेटवर्क कार्ड डिसेबल-एनेबल केलं, की नेटवर्क डोमेनवर येतं आणि सगळं चालू. फायरवॉल कायमची बंद करून ठेवू नका, तो उपाय बरेच जण सुचवतील.

यानंतर एरर कोड बघायचा. अपडेट हिस्टरीत मिळतो, नाहीतर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सेटअप नावाच्या लॉगमध्ये. पुढचं शून्य-एक्स सोडून लिहितोय. ८००७००७० म्हणजे सी ड्राइव्हवर जागा नाही. मी सर्व्हरवर २०-२५ जीबी मोकळी असल्याशिवाय सुरुवातच करत नाही. ८००एफ०८२३ म्हणजे सर्व्हिसिंग स्टॅक, म्हणजे अपडेट बसवणारा विंडोजचा भाग, जुना आहे. २०१६ ला हा स्टॅक अपडेट वेगळा येतो आणि महिन्याच्या अपडेटच्या आधी लावावा लागतो, बराच काळ अपडेट न झालेल्या सर्व्हरवर पहिला संशय यावरच घ्या, कॅटलॉगमधून ताजा उतरवून लावायचा आणि मग मोठं अपडेट. ८००एफ०९२२ आला तर सिस्टिम रिझर्व्ह्डचं, म्हणजे विंडोज सुरू करायच्या फाइलींचं, ते छोटं पार्टिशन भरलेलं असण्याची शक्यता मोठी, जुन्या मशीनवर ते १०० एमबीचंच असतं. आणि ८००७३७१२ किंवा ८००एफ०८१एफ आला तर विंडोजचं स्वतःचं कोठार खराब झालंय, म्हणजे ज्या फाइलींवर नवीन फाइल बसवायची त्याच धड नाहीत.

कोठार दुरुस्तीसाठी ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून आधी डिझमची रिस्टोअरहेल्थ कमांड (ती कोठार दुरुस्त करते), ती संपल्यावर एसएफसी स्कॅननाऊ (ती विंडोजच्या फाइल तपासून बदलते). क्रम उलटा करू नका, एसएफसी त्या कोठारातूनच फाइल घेते, कोठारच कुजलेलं असेल तर ती देणार काय? डिझम २०, ४० अशा टक्क्यांवर बराच वेळ थांबून राहते, राहू द्या. सोर्स सापडत नाही म्हणाली की लोक २०१६ ची जुनी सीडी लावतात, त्याचाही बहुतेक वेळा उपयोग होत नाही, कारण त्या सीडीत २०१६ सालच्या फाइल आहेत आणि डिझमला हव्या असतात नंतरच्या अपडेटमधून आलेल्या. त्याच लेव्हलला असलेला दुसरा २०१६ सर्व्हर कुणाकडे असेल तर त्याचा विंडोज फोल्डर सोर्स म्हणून देता येतो. छोट्या ऑफिसात दुसरा सर्व्हर कुठून आणायचा हा प्रश्न रास्त आहे, तुमची एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार, ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे असू शकतो, विचारा.

कोडवरून काहीच कळलं नाही तर अँटीव्हायरस. बाहेरचा अँटीव्हायरस असेल तर तो नुसता पॉज करून चालत नाही, त्याचे ड्रायव्हर बूटच्या वेळी लोड होतातच, अनइन्स्टॉल करून बघावा लागतो. तेवढ्या वेळासाठी सर्व्हरवर कुणी ब्राउझर उघडायचा नाही, खरं तर एरवीही उघडायचा नाही.

एवढं करूनही बदल मागेच येत असतील तर त्याच व्हर्जनच्या सीडीवरून डेटा आणि प्रोग्रॅम राखून विंडोज वरच्या वर पुन्हा बसवता येतं. पण इथे परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे. सर्व्हर २०१६ चा सपोर्टच १२ जानेवारी २०२७ ला संपतोय. मशीन जुनं असेल, डिस्क फिरती असेल, तर त्यावर शनिवार-रविवार घालवण्यापेक्षा नवीन सर्व्हर घेऊन डोमेन तिकडे हलवणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. मशीन चांगलं असेल, एसएसडी असेल आणि यंदा बजेट नसेल तर दुरुस्ती करा. हे मी इथून ठरवू शकत नाही.

आता प्रिंटर. तुमच्या ११बी एररचं मूळ २०२१ मध्ये आहे. त्या वर्षी विंडोजच्या प्रिंटिंगमधल्या गंभीर त्रुटी बाहेर आल्या आणि मायक्रोसॉफ्टने एकेक पट्टा आवळत नेला. ऑगस्टमध्ये ड्रायव्हर टाकायला ॲडमिनचे अधिकार लागायला लागले, सप्टेंबरमध्ये प्रिंटर शेअर करणारं मशीन आणि वापरणारं मशीन यांच्यातलं बोलणं एन्क्रिप्टेड हवं असा नियम लागू झाला. दोन्ही बाजू अपडेटेड असतील तर काही होत नाही. एक बाजू नवीन आणि दुसरी वर्षानुवर्षं अपडेट न झालेली असेल तर भांडण. तुमचा सर्व्हर दर महिन्याला अपडेट मागे घेतोय, पीसी मात्र पुढे गेलेत. म्हणजे प्रिंटरचं दुखणं बहुधा सर्व्हरच्याच दुखण्याची शेपटी आहे, आणि अकाउंटंटच्या सल्ल्याप्रमाणे अपडेट बंद केलंत तर पुढचा नवीन पीसी आणाल त्या दिवशी हाच एरर परत येईल.

नेटवर सांगतात की रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदीत, एक व्हॅल्यू शून्य करा. केली की प्रिंट येते, हे खरं आहे. पण तुम्ही तो पट्टा सर्व्हरवर पुन्हा सैल केलेला असतो. दुकानात गिऱ्हाईक उभं असेल तर करा, मी समजू शकतो, पण वहीत लिहून ठेवा आणि सर्व्हर अपडेट झाला की परत काढा. प्रिंटरला स्वतःचा नेटवर्क पोर्ट असेल तर शेअरिंगच्या भानगडीत पडूच नका, त्याला कायमचा आयपी द्या आणि प्रत्येक पीसीवर थेट टाका. बिलाचा डॉट मॅट्रिक्स यूएसबीवालाच असेल तर शेअरिंगला पर्याय नाही, मग ज्या मशीनला तो जोडलाय ते आणि बाकीचे एकाच आठवड्यात अपडेट करा.

पीसींचं थोडक्यात. रोज संध्याकाळी बंद करूनही टास्क मॅनेजरमध्ये अपटाइम वीस-पंचवीस दिवस दिसत असेल तर ती फास्ट स्टार्टअपची, म्हणजे पीसी लवकर चालू व्हावा म्हणून असलेल्या विंडोजच्या सोयीची, करामत आहे. शटडाउन म्हणजे पूर्ण बंद होत नाही, त्यामुळे रीस्टार्टसाठी थांबलेलं अपडेट तसंच राहू शकतं. ऑफिसच्या पीसीवर मी ते बंदच करतो. दुसरं, मायक्रोसॉफ्टने स्वतः सांगितलंय की अपडेट आल्यानंतर पीसी एकूण सहा तास आणि त्यातले सलग दोन तास चालू आणि नेटला जोडलेला हवा, जो पीसी दिवसातून अर्धा तास फक्त ई-वे बिल काढायला उघडतो तो मागे पडणारच. तिसरं, एरर ८००७२एफ८एफ आला तर आधी तारीख बघा, जुन्या पीसीचा बटन सेल संपला की घड्याळ मागे जातं आणि सुरक्षित कनेक्शनच होत नाही, तीस-चाळीस रुपयांचा सेल घाला. चौथं, आधीच्या इंजिनिअरने कधीकाळी डब्लूसस, म्हणजे ऑफिसातूनच पीसींना अपडेट वाटणारा सर्व्हर, लावलं असेल आणि तो सर्व्हर आता नसेल तर पीसी त्यालाच शोधत बसतात. सेटिंगमध्ये काही पर्याय तुमची संस्था ठरवते असं लाल अक्षरात दिसलं तर ग्रुप पॉलिसी, म्हणजे डोमेनवरून पीसींना लागू होणारी सेटिंग, तपासा.

विंडोज १० च्या एखाद्या पीसीवर जानेवारी २०२४ चं केबी ५०३४४४१ सतत ८००७०६४३ देऊन फेल झालेलं हिस्टरीत दिसेल. त्याला रिकव्हरी पार्टिशनमध्ये २५० एमबी मोकळी जागा लागते, जुन्या पीसीत ती नसते. ते बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारं विंडोजचं एन्क्रिप्शन) चुकवण्याच्या एका त्रुटीसाठी होतं, तुमच्या पीसीत बिटलॉकर नसेल तर त्यासाठी पार्टिशनशी खेळू नका, फायद्यापेक्षा धोका जास्त. मात्र विंडोज ११ च्या पीसींवर बिटलॉकर चालू आहे का ते नक्की तपासा आणि चालू असेल तर रिकव्हरी की प्रिंट काढून फाइलला लावा, कारण जुलै २०२४ च्या अपडेटनंतर बऱ्याच मशीननी रीस्टार्टला ती की मागितली होती, आणि ऐनवेळी ती कुणाच्या ईमेलला आहे हे आठवत नाही.

आणि विंडोज १० सगळं अपडेटेड आहे असं हिरवं टिक दाखवत असेल तर खूश होऊ नका. त्याचे मोफत सिक्युरिटी अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले, पैसे भरून वाढीव मुदत घेतली नसेल तर नवीन काही येणारच नाहीये. क्रॅक टाकून ॲक्टिव्हेट केलेले पीसी असतील तर तेही इथेच मोजा, काही क्रॅक अपडेट सर्व्हिसलाच टाचणी मारून ठेवतात आणि त्यावर वरचा एकही उपाय चालत नाही.

आता वेळ. डोमेन आहेच, तर ग्रुप पॉलिसीतून पीसींचे क्वालिटी अपडेट, म्हणजे हेच महिन्याचे अपडेट, १४ दिवस लांबवा, प्रो एडिशनला ३० दिवसांपर्यंत लांबवता येतात. ८ ते १४ मध्ये १४ मिळवले की २२ ते २८, म्हणजे जीएसटीआर-३बी ची, कर भरायच्या रिटर्नची, २० तारीख उलटून गेलेली. तिमाही योजनेत असाल तर २२ तारखेकडे लक्ष ठेवा. एक पीसी, ज्यावर फार महत्त्वाचं काम नाही, तो मात्र न लांबवता ठेवा, त्याच्यावर टॅली, प्रिंट, डिजिटल सिग्नेचरचा टोकन आणि जीएसटीची साइट चालतेय हे बघत राहा. सर्व्हरवर ऑटोमॅटिक इन्स्टॉल नको, डाउनलोड करून विचार असं ठेवा, आणि बाकी पीसी झाल्यावर शनिवारी संध्याकाळी समोर बसून लावा. मार्चमध्ये सर्व्हरला मी एप्रिलच्या पहिल्या शनिवारपर्यंत हात लावत नाही.

१४ दिवस हवेतून काढलेले नाहीत. जानेवारी २०२२ च्या ११ तारखेच्या अपडेटने काही डोमेन कंट्रोलर सारखे रीस्टार्ट व्हायला लागले, दुरुस्ती १७ ला आली. मार्च २०२४ च्या १२ तारखेच्या अपडेटने डोमेन कंट्रोलरची मेमरी गळायला लागली, दुरुस्ती २२ ला. दोन्ही वेळेला दोन आठवडे थांबणाऱ्यांना त्रास कळलाही नाही. फक्त एक अट आहे. घरून टॅली बघायला म्हणून राउटरवर रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट सरळ इंटरनेटला उघडा ठेवला असेल तर ही थांबण्याची चैन तुम्हाला परवडणार नाही, आजच्या आज तो बंद करा आणि व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारा सुरक्षित खाजगी मार्ग) लावा, बाकीचं सगळं त्यानंतर.

पुढचं नेमकं सांगायला मला तीन गोष्टी लागतील: सर्व्हरच्या अपडेट हिस्टरीतला पूर्ण एरर कोड, सी ड्राइव्ह आणि सिस्टिम रिझर्व्ह्डमधली मोकळी जागा, आणि कोरड्या रीस्टार्टनंतर काय काय आपणहून वर आलं नाही त्याची यादी. विंडोज फोल्डरच्या लॉग्जमध्ये सीबीएस नावाची फाइल आहे, ती पूर्ण टाकू नका, फार मोठी असते, ज्या मिनिटाला बदल मागे घ्यायला लागला त्याच्या आसपासच्या एररच्या ओळी तेवढ्या टाका, मशीनचं आणि युजरचं नाव खोडून.